सुकवलेला आंबा-अननस थोकात मागवायचा तर नेमका कधी? सीझनचं गणित कळेना

नवखा_आयातदार:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली. आत्तापर्यंत आम्ही सुकवलेली फळं दुसऱ्या इम्पोर्टरकडून पन्नास-शंभर पेट्या अशी उचलायचो आणि आपल्या पाउचमध्ये भरून विकायचो, आता पहिल्यांदाच स्वतःचा कंटेनर मागवायचं मनात आहे. मुख्य माल आंब्याच्या फोडी, साखर नाही, सल्फर (रंग टिकवायला मारतात ते) नाही अशा, सोबत अननसाच्या चकत्या, केळ्याचे चिप्स आणि जमलं तर थोडी पपई.

थायलंड, फिलिपिन्स आणि पश्चिम आफ्रिका अशा तिन्हीकडच्या सप्लायरना मेल टाकले. गंमत म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच, "वर्षभर माल तयार, कधीही लोड करू". आता आंबा काही वर्षभर झाडाला लटकलेला नसतो एवढं तर मलाही कळतं. मग मी असा हिशोब केला की तिकडे सीझन एप्रिल ते जून, म्हणजे जुलैत घेतला की माल ताजा आणि स्वस्त दोन्ही. हे बरोबर आहे का? आणि सगळा वर्षाचा माल एकदम उचलायचा की तीन-चार तुकड्यांत? एकदम घेतला तर पैसा अडकतो, तुकड्यांत घेतला तर दरवेळी वेगळा रंग वेगळी चव येईल अशी भीती, गिऱ्हाईक लगेच बोलतं.

आणि अजून एक, परवा एका सप्लायरने आत्ता फेब्रुवारीत लोड होणाऱ्या आंब्यावर ऑफर दिलीये. रेट इतका खाली आहे की दोन दिवस झोप नाही. घेऊ का?


गोदामवाला:

भाऊ, त्या ऑफरवर शेवटी येतो, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमच्या यादीतली सगळी फळं एका कॅलेंडरवर बसत नाहीत. केळं आणि पपई जवळपास बारमाही. अननसाचा बहार शेतकरी औषध मारून हवा तेव्हा धरतो त्यामुळे त्याला सीझन आहे पण माणसाने केलेला. खरा सीझन तुमच्या यादीत एकट्या आंब्याला आहे, म्हणून डोकं तिथेच लावा, बाकी तीन आरामात जमतात.

आंब्याचं असं आहे की जगात कुठे ना कुठे तो चालूच असतो. थायलंड-फिलिपिन्सचा जोर मार्च ते जून. बुर्किना फासो, माली, आयव्हरी कोस्ट इकडे एप्रिल ते जुलै. मेक्सिकोत दक्षिणेकडे फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो आणि तोड हळूहळू उत्तरेकडे सरकत सिनालोआत पोचेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. दक्षिण गोलार्धात उलटं, पेरू (देश हो, फळ नव्हे) आणि दक्षिण आफ्रिका यांचा डिसेंबर ते मार्च. म्हणजे "वर्षभर माल तयार" हे जगाच्या बाबतीत खरं आहे, एका कारखान्याच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं नाही. त्याच्याकडे वर्षभर असतो तो ताजा सुकवलेला माल नव्हे, साठवलेला माल.

आता तुमचं "सीझन संपला की जुलैत घ्यायचा". ऐकायला बरं वाटतं पण ड्रायरवाल्याच्या जागी उभे राहून बघा. एक किलो आख्खा आंबा घ्या. साल आणि कोय गेली की साधारण ६०० ग्रॅम गर. त्या गरात ८३ टक्के पाणी, म्हणजे घन भाग शंभर ग्रॅमच. सुकवताना पंधरा टक्के ओल ठेवली तरी फोडी भरतात १२० ग्रॅम. म्हणजे कागदावर आठ-साडेआठ किलोला एक किलो. प्रत्यक्षात सडका, कच्चा, कापताना वाया गेलेला, ट्रेला चिकटून फाटलेला असा सगळा वजा करा, दहा ते पंधरा किलोवर जातं. दहा टन फोडी हव्यात तर शंभर-दीडशे टन आंबा लागतो, आणि तो पिकला की दोन-तीन दिवसांत कापून ट्रेवर गेलाच पाहिजे, थांबत नाही तो. ट्रे मोजके, गॅस मोजका, कापणाऱ्या बायका मोजक्या. त्यामुळे सीझनच्या आठ-दहा आठवड्यांत कारखाना किती किलो काढू शकतो हे आधीच ठरलेलं असतं आणि ते किलो कोणाचे हे सीझनच्या आधी ठरतं. जुलैत तुम्ही फोन केला की तुमच्या वाट्याला येतं ते दुसऱ्यांनी नाकारलेलं किंवा शेवटच्या आठवड्यांतलं. चांगलंही असू शकतं, पण निवड तुमची राहात नाही.

मग कधी बोलायचं? मोहोरावर. मोहोर आल्यापासून फळ तोडणीला यायला साडेतीन-चार महिने लागतात. मे मधला आंबा डिसेंबर-जानेवारीत फुललेला असतो. जानेवारी अखेर सप्लायरला व्हिडिओ मागा, मोहोर कसा आहे, गळ किती झाली, दोन वेगळ्या बागांचा. चांगला सप्लायर स्वतःहून पाठवतो. त्या वेळी किलो पक्के करा आणि रेट मात्र सीझनच्या मध्यावर ठरवायचा असं लिहून घ्या, वरची मर्यादा घालून. कारण कच्चा आंबा सीझनच्या तोंडावर महाग असतो, तेव्हा ताजा विकणारे आणि एक्स्पोर्टवाले सगळा चांगला माल ओढतात. मध्यावर बाजार भरला की ड्रायरवाल्याला दुय्यम आकाराचा पण चवीला एक नंबर आंबा स्वस्तात मिळतो. सुकवायला आकार नको असतो, गोडी हवी असते.

पहिल्या दोन आठवड्यांचा माल मी कधीच घेत नाही. घाईने कोवळा तोडलेला असतो, फोड फिकट, आंबट, दाताखाली चामड्यासारखी. बिनसाखरेचा माल घेणाऱ्याला तर हे लपवायला जागाच नाही, साखर घातलेल्यात निदान झाकलं जातं.

आता ती ऑफर. फेब्रुवारीत थायलंड, फिलिपिन्स किंवा आफ्रिकेतून बिनसल्फरचा आंबा एकदम स्वस्त मिळतोय याचा अर्थ नवीन सीझन यायच्या आत गोदाम रिकामं करणं चाललंय. मागच्या मे-जूनचा माल आहे तो, आठ-नऊ महिने झालेला. मी सुरुवातीच्या काळात असाच एक लॉट उचलला होता, सॅम्पल सोनेरी आलं, कंटेनर आला तेव्हा मध्यम तपकिरी आणि माझ्या गोदामात दोन महिने राहिल्यावर चिंचेच्या रंगाचा. चव फार वाईट नव्हती पण पाउचच्या खिडकीतून दिसतो तो रंगच ना. शेवटी बारीक कापून बेकरीवाल्याला दिला, खरेदीच्या रेटला. सॅम्पल वेगळ्या फ्रीजमधलं होतं हे नंतर कळलं.


लॅबवाली_ताई:

गोदामवाल्यांनी बरंच सांगितलं, मी क्वालिटीच्या बाजूने भर घालते. मी आयात मालाची तपासणी करते त्यामुळे रडलेली माणसंच जास्त बघते.

नवखा, पेटीवरची उत्पादन तारीख वाचून फसू नका. ती बहुतेक वेळा सुकवल्याची किंवा नुसती पॅकिंगची तारीख असते, तोडणीची नसते. बरेच कारखाने सीझनमध्ये फोडी फ्रीझ करून किंवा साखरेच्या पाकात ठेवून देतात आणि वर्षभर थोड्या थोड्या सुकवतात. यात फसवणूक काही नाही, धंद्याची सोय आहे, साखर घातलेल्या मालाला तर चालतंच. पण फ्रीझ करून सुकवलेल्या बिनसाखरेच्या फोडीचा पोत वेगळा येतो, बर्फाने पेशी फुटलेल्या असतात त्यामुळे फोड पातळ आणि मलूल होते. म्हणून मेलमध्ये नेमका प्रश्न विचारा: कच्चा आंबा कारखान्यात कधी आला, कोणत्या जातीचा, ताजा कापला की फ्रीझ केलेला. आवक रजिस्टरचं त्या लॉटचं पान मागा. ज्याच्याकडे खरंच आहे तो दहा मिनिटांत पाठवतो, ज्याच्याकडे नाही तो तुम्हाला सर्टिफिकेटांचा गठ्ठा पाठवतो.

सीझनच्या सुरुवातीबद्दल ते बोलले, मी शेवटाबद्दल बोलते. पश्चिम आफ्रिकेत मे-जूनपासून पाऊस लागतो आणि तोड अजून चालू असते. पाऊस आला की दोन गोष्टी वाढतात, करपा आणि फळमाशी. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस नावाची माशी आफ्रिकेत २००३ साली केनियात पहिल्यांदा सापडली आणि नंतर पार पश्चिमेपर्यंत पसरली, उशिरा येणाऱ्या ब्रुक्ससारख्या जातींना तिचा त्रास जास्त कारण त्या पिकतातच पावसात. वरून हवेतच ओल असल्याने सुकायला वेळ लागतो, गॅस जास्त जळतो, मग कोणीतरी ट्रे दोन तास आधी काढतं. उशिराच्या लॉटमध्ये मला काळे ठिपके आणि जास्त ओल हे दोन्ही एकत्र दिसतात ते यामुळे. त्यामुळे तुमचा जुलैवाला बेत आफ्रिकेच्या मालाला तरी नको, करारातच लिहा की अमुक तारखेनंतर तोडलेला आंबा नको.

ओल मोजायला लॅब लागतेच असं नाही. काचेची झाकणाची बरणी घ्या, तीन चतुर्थांश फोडींनी भरा, आत छोटं डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, झाकण टेपने बंद करा आणि उन्हापासून लांब एकाच तापमानात रात्रभर राहू द्या. सकाळी आतली आर्द्रता वाचा. ६० टक्के किंवा खाली म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी) ०.६० किंवा कमी, तिथे बुरशी वाढतच नाही. ६५ पर्यंत चालवून घेता येतं. ७० दाखवत असेल तर तो माल वर्षभर ठेवायचा विचारही करू नका, आणि सप्लायरच्या रिपोर्टमध्ये "ओल १५ टक्के" लिहिलंय म्हणून वाद घालत बसू नका, ओलीचे टक्के आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखर जास्त असलेल्या फोडीत तेवढ्याच टक्क्यांना बुरशी येत नाही, कमी साखरेच्या फोडीत येते. म्हणूनच कोवळा आंबा नुसता आंबट नसतो, टिकतही कमी.

मूठभर फोडी मुठीत दाबून सोडा. सुट्या झाल्या तर ठीक, लाडू झाला तर परत पाठवा.


नवखा_आयातदार:

बापरे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. ऑफरवाल्याला तोडणीची तारीख विचारली, अजून उत्तर नाही आणि तीन सर्टिफिकेटं मात्र आली 😅 ताई तुम्ही म्हणालात तसंच.

पण मग अडचण अशी की सीझनच्या मध्यावरचा चांगला माल घेतला तरी तो मला दहा-अकरा महिने पुरवायचाय. बिनसल्फरचा माल तेवढा टिकवायचा कसा? कोल्ड स्टोरेजचं भाडं धरलं तर गणित बसत नाही असं वाटतं.


लॅबवाली_ताई:

भाडं धरल्यावरच गणित बसतं, न धरता बसवलेलं गणित गोदामवाल्यांच्या चिंचेच्या रंगाने संपतं. काळवंडण्याची क्रिया तापमानावर चालते, साधारण दहा अंश वाढले की वेग दुप्पट-तिप्पट. म्हणजे पस्तीस अंशाच्या पत्र्याच्या गोदामात एका महिन्यात जेवढा रंग जातो तेवढा पंधरा अंशात जायला चार महिने तरी लागतात. सगळा माल थंडीत ठेवायची गरज नाही, पुढच्या दोन महिन्यांचा बाहेर आणि बाकीचा आत. बाहेर काढताना पेटी लगेच फोडू नका, एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर थंड फोडींवर हवेतलं पाणी बसतं आणि वर्षभर सांभाळलेला कोरडेपणा एका सकाळी जातो.

दुसरं कारण किडे. आल्या आल्या काही दिसत नाही पण अंडी असू शकतात, उबदार गोदामात पतंग आणि दातेरी भुंगा दोन महिन्यांत हजेरी लावतात. पंधरा अंशाखाली त्यांची वाढ जवळपास थांबते. ऑर्गॅनिक माल असेल तर फॉस्फिनची धुरी चालत नाही, मग उणे अठरावर काही दिवस ठेवणं हाच रस्ता.

आणि सल्फरचं एक, "सल्फर नाही" असा शब्द पुरेसा नाही, आकडा मागा. युरोप-अमेरिकेत १० पीपीएमच्या वर गेलं की लेबलवर लिहावंच लागतं. एकाच लाइनवर दोन्ही माल चालवणाऱ्या कारखान्यात बिनसल्फरच्या लॉटमध्येही थोडं येतं, हे मी कितीदा बघितलंय.


कंटेनरकाका:

मी फळातला नाही, जहाजातला. पण तुमच्या सगळ्यांच्या हिशोबात समुद्र कुठे दिसला नाही म्हणून लिहितो.

"जूनमध्ये सुकवला, जुलैत आला" असं होत नसतं. बुर्किनाला समुद्रच नाही. बोबो-दियुलासोच्या आसपास सुकवलेला माल ट्रकने आबिजान, तेमा किंवा लोमे बंदरात येणार, तिथे कागदपत्रं, तिथे जागा मिळणार, मग जहाज. सुकवणं संपल्यापासून तुमच्या दारात यायला दोन-अडीच महिने धरा आणि लवकर आला तर पेढे वाटा. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून बऱ्याच जहाज कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, आशिया-युरोप फेरीला दहा-चौदा दिवस जास्त. ज्यांनी तारखा घट्ट बांधल्या होत्या ते फोनवर ओरडत होते, मी काय करणार, सुएझ मी बंद केलंय का.

उन्हाळ्यात डेकवरच्या साध्या कंटेनरमध्ये पत्र्याखाली पन्नासच्या वर पारा जातो. ताई म्हणतात ते रंगाचं गणित तिथेच सुरू होतं, तुमच्या गोदामात नाही. बिनसल्फरचा आंबा असेल तर रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) घ्या, पंधरा अंशाला लावा. नाहीच परवडला तर बुकिंगमध्ये डेकच्या खाली आणि इंजिनापासून लांब मागा. मिळेलच याची खात्री नाही, पण मागितलंच नाही तर नक्की मिळत नाही. साध्या कंटेनरला शोषक पिशव्या लटकवा, रात्री छत गार झालं की आत अक्षरशः पाऊस पडतो आणि वरच्या थराच्या पेट्या ओल्या होतात.

केळ्याच्या चिप्ससाठी वेगळं. वीस फुटीत साधारण ३३ घनमीटर जागा, चिप्स हलके आणि फुगीर, वजन भरायच्या कितीतरी आधी जागा भरते. म्हणून चिप्स आणि आंबा एकत्र करायचा मोह होतो. दोन्ही एकाच गावचे असतील तर करा. दोन कारखान्यांचा माल एका कंटेनरात घालायला गेलात की एकाला उशीर झाला की दुसरा त्याच्यासाठी उन्हात थांबतो.

सुट्ट्या बघा. व्हिएतनामला तेत (त्यांचं नववर्ष), चीनला नववर्ष, त्याच्या आधीचे तीन आठवडे जहाजात जागा नाही आणि नंतरचे दोन आठवडे कारखान्यात माणूस नाही. थायलंडला एप्रिलमध्ये सोंगक्रान (त्यांचं नववर्ष, पाणी उडवायचा सण), बरोबर आंब्याच्या ऐन सीझनमध्ये, कामगार गावी जातात ते आठवड्याने उगवतात.

आणि एचएस कोड (कस्टममध्ये ड्युटी ठरवणारा मालाचा नंबर) आत्ताच विचारून ठेवा. नुसता सुकवलेला अननस ०८०४.३० मध्ये, पण साखरेत मुरवलेला असेल तर तो बहुधा २० व्या चॅप्टरमध्ये जातो आणि ड्युटी बदलते. पपई ०८१३ मध्ये. सप्लायर इनव्हॉइसवर काहीही लिहितो, दंड तुम्ही भरता.


बिनकरार_बरा:

सगळे अनुभवी लोक आहेत, आदर आहे, पण गोदामवाल्यांशी एका बाबतीत माझं जमत नाही. मोहोरावर करार करा म्हणता. मोहोरच आला नाही तर?

२०२३ च्या हिवाळ्यात पेरूत हेच झालं. एल निनोने थंडी पडलीच नाही, आंब्याला मोहोर धरायला गारवा लागतो, तो मिळाला नाही आणि २०२३-२४ चा हंगाम पार कोसळला. माझा करार होता, सही-शिक्का सगळं. सप्लायरचं एका ओळीचं पत्र आलं, नैसर्गिक आपत्ती, दिलगीर आहोत. आणि जो थोडा आंबा होता तो ताजा विकून त्याला जास्त मिळत होते, त्याने तो का सुकवावा? त्याच्या जागी मीही तेच केलं असतं खरं तर. तेव्हापासून मी किलोचे करार करतच नाही, अर्धा माल एका गोलार्धातून आणि अर्धा दुसऱ्यातून, जसा दिसेल तसा घेतो. मे-जूनमध्ये एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा. कोणताच माल माझ्याकडे दहा-अकरा महिने राहात नाही, कोल्ड स्टोरेजचं भाडंही निम्मं. जात वेगळी असते हे मान्य, रंग बदलतो, पण मी पाउचवर देश छापतो आणि त्याचीच जाहिरात करतो.

अननसाबद्दल फारसं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. तिथे एल निनो लगेच दिसत नाही. लावल्यापासून फळ यायला दीड वर्ष लागतं, दुष्काळाचा फटका पुढच्या वर्षी बसतो, तोवर बातम्यांमधून एल निनो गेलेला असतो आणि लोक म्हणतात आता का महागला. नारळाचंही तसंच, फुलापासून नारळ तयार व्हायला वर्ष लागतं. आणि माणसाचा स्वभाव वेगळा, रेट चढला की सगळे अननस लावतात, दीड वर्षाने सगळ्यांचा एकदम येतो आणि रेट आपटतो. मी अननसाला कॅलेंडर बघत नाही, दीड वर्षापूर्वीचे रेट काय होते ते बघतो. थायलंडला अननसाचा भर एप्रिल ते जून आणि परत नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असतो, मधल्या पावसाळ्यात ओढाताण, तेवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.


गोदामवाला:

बिनकरार, तुमचं पेरूचं दुःख खरं आहे, तेव्हा माझेही दोन ओळखीचे अडकले. पण तुमची पद्धत तुम्हाला जमते कारण पंधरा वर्षांत तुमचे चार सप्लायर फोनवर ओळखतात. नवख्या माणसाने सीझनच्या मध्यावर फोन करून "आहे का काही" विचारलं तर त्याला काय मिळणार ते तुम्हालाही माहितीये. नवख्याने निदान अर्ध्या मालाचा करार करावा, बाकी अर्धा तुमच्यासारखा मोकळा. दोन गोलार्धांची कल्पना मात्र मी पण चोरतो.

फिलिपिन्सबद्दल एक राहिलं. तिथे मोहोर पावडर मारून आणतात, पोटॅशियम नायट्रेट, हा शोध रॅमोन बार्बा यांनी १९७० च्या दशकात लावला आणि तेव्हापासून तिथला सीझन रबरासारखा ताणला गेला. त्यामुळे तिथला सप्लायर ऑक्टोबरमध्ये ताजा आंबा सुकवतोय म्हणाला तर लगेच खोटारडा समजू नका, असू शकतो. पण बिनसीझनचा आंबा महाग असतो आणि महाग आंबा कोणी स्वस्तात सुकवत नाही. रेट ऐकून खरं-खोटं कळतं.

आणखी एक भाबडी सवय सोडा, सरकारी आयात-निर्यात आकड्यांवरून सुकवलेल्या आंब्याचा सीझन शोधणं. ०८०४.५० या कोडात ताजा आंबा, सुकवलेला आंबा, मँगोस्टीन आणि हो, पेरू (या वेळी फळ) सगळं एकत्र आहे. मी एक पूर्ण रविवार त्या तक्त्यांवर घालवलाय, सांगतोय ते ऐका.


नवखा_आयातदार:

सगळ्यांचे खूप आभार, वही काढून लिहून घेतलं. ऑफर सोडली. त्याचं शेवटी उत्तर आलं, "तोडणी: मागील हंगाम", बस एवढंच.

आता बेत असा केलाय, चुकत असेल तर सांगा. एकदम मोठी उडी नको म्हणून आधी अननस आणि पपईचा छोटा लॉट थायलंडहून, त्यात आंबा नाहीच, म्हणजे कागदपत्रं, ड्युटी, क्लिअरिंग सगळं एकदा हाताखालून जाईल. आंब्याला बुर्किनातल्या एका कारखान्याशी बोलणं चालू केलंय, मोहोराचे व्हिडिओ मागितले, एकाच बागेचे दोनदा पाठवले त्याने (पाठीमागे तोच निळा ड्रम दिसतोय 😄) म्हणून अजून मागितलेत. पटलं तर पाच टनाचा करार, जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तोडलेला नको, रेट मे मध्ये ठरवायचा, रीफर. उरलेले पाच टन आत्ता घ्यायचेच नाहीत, पुढच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिका बघायची. हायग्रोमीटर मागवलं, बरण्या घरच्याच.

केळ्याचे चिप्स सध्या जुन्या इम्पोर्टरकडूनच, ते बारमाही आहेत तर घाई कशाला. पपईचा कोड मात्र अजून नक्की झालेला नाही, त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये साखर दिसतेय, एजंटला विचारलंय.

थायलंडच्या लॉटचं लोडिंग १४ एप्रिलला पक्कं करून टाकलं आज.


कंटेनरकाका:

१३ ते १५ एप्रिल सोंगक्रान. वर लिहिलं होतं मी. त्या दिवशी तुमच्या कंटेनरपाशी पाण्याची पिचकारी घेतलेली पोरं असतील, लोडर नसतील. आजच मेल टाका, २५ च्या पुढची तारीख घ्या.